काटा वीसवर

१

मोताळ्याच्या बाजारओळीच्या शेवटी, कापसाच्या वखारीला पाठ लावून इंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, तर चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि तेल पिऊन पिऊन काळी टणक झालेली जमीन. पण तालुक्यात कोणाचं इंजन खोकलं की माणसं तिथंच यायची. रोग शोधायची त्याची एकच रीत होती. एक भाग काढायचा आणि गाडी चालवून पाहायची. रोग तसाच राहिला तर तो भाग निर्दोष, परत बसवा आणि दुसरा काढा. ज्याला काढल्यावर रोग जातो, तो चोर. "गाडी खोटं बोलत नाही बे, ड्रायव्हर बोलते," असं म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

घरात दोघंच, तो आणि सिंधूताई. सिंधूताई किसनरावांच्या धर्मादाय दवाखान्यात नर्स. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या घरात पाळणा काही हलला नाही, आणि गंमत पाहा, अर्ध्या तालुक्याची पोरं तिच्या हातावर जन्मली. इंद्रभानचा सगळा जीव त्या बाईत. ती गावोगावच्या दौऱ्याहून परत येईस्तोवर हा गडी भाकरीला हात लावायचा नाही. कोणी चिडवलं तर म्हणायचा, "मले भूकच नोती," आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

दवाखान्याची एक जीप होती, फौजेच्या लिलावातली. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, सडका नुकत्या खडी-डांबराच्या होत होत्या, आणि ड्रायव्हर शालिग्राम त्या सडकांवर जीप अशी हाणायचा की महिन्याला स्प्रिंगचा एक पाटा तुटलाच म्हणून समजा. किसनराव वैतागले. एक दिवस गॅरेजात येऊन म्हणाले, "मिस्त्री, याचा काही बंदोबस्त करा. गाडीले वेसण घाला."

वेसण होती. जीपसोबत लिलावात एक पेटी आली होती, तिच्यात गव्हर्नर. साधी युक्ती. डॅशबोर्डावरचा खटका ओढून वेग वीस मैलांवर बांधला की गॅसवरचा पाय काढून घ्या. चढ आला की तो आपणच गॅस वाढवणार, उतार आला की आपणच कमी करणार, आणि काटा वीसवरचा हलणार नाही. खटका आत ढकलला किंवा ब्रेकवर पाय दिला की सुटला. इंद्रभाननं तो एका दिवसात बसवला.

"मुंबईले एक गव्हर्नर बसला, अन् मोताळ्याले आपण दुसरा बसवला," तो घरी सिंधूताईला म्हणाला. "आता तू आरामात जाशील. पाठ दुखनार नाही."

सिंधूताई हसली. आरामात जाऊ लागली. थोडे दिवस सगळं बरं चाललं.

२

मग एका सकाळी शालिग्राम तोंड पाडून आला.

"मिस्त्री, तुमचा गव्हर्नर सुटत नाही."

"म्हंजे कसा सुटत नाही?"

"खटका आत ढकलला तरी काटा वीस. ब्रेक मारला का उतरते, ब्रेक सोडला का पुन्हा वीस. गावात शिरलं का मुकाट्यानं उभी राह्यते, अन् गाव सोडलं का पुन्हा तेच. मी गॅसवर पाय ठेवतच नाही ना बाप्पा!"

"तुह्या पायाले मस्ती आली असंल."

पण इंद्रभाननं पाहिलं. तार अडकत असणार, दुसरं काय? तार काढली, पुसली, तेल दिलं. स्वतः एकटा चालवत नळगंगा नदीपर्यंत जाऊन आला. खटका ओढला, वेग बांधला गेला. ढकलला, सुटला. अगदी लोण्यासारखं काम. दुसऱ्या दिवशी जीप दौऱ्यावर गेली आणि संध्याकाळी शालिग्राम पुन्हा हजर, तेच रडगाणं घेऊन.

स्प्रिंग बदलली. गॅरेजमध्ये ठीक, दौऱ्यावर रोग. कार्बोरेटर उघडला, धुतला. गॅरेजमध्ये ठीक, दौऱ्यावर रोग. असा रोग इंद्रभानला नवा नव्हता. काही दुखणी ओझ्याखालीच वर येतात, रिकाम्या गाडीत लपून बसतात. त्यानं वखारीतून सरकीची पोती आणली, दवाखान्याच्या पेट्या, औषधं, माणसं मिळून होईल तेवढं वजन मागं भरलं आणि पार मलकापूर फाट्यापर्यंत नेली. काटा जिथं म्हणाल तिथं. जिथं सोडाल तिथं सुटतोय.

शेवटी त्यानं चिडून गव्हर्नरच काढला. पेटीत घातला, पेटी घरी माळ्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी शालिग्राम आला. बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "अजून बी वीस."

आता तुम्हीच सांगा, जी वस्तू गाडीत नाहीच, ती अडकेल कशी? इंद्रभाननं त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं. पण शालिग्राम शुद्धीत होता, दारूचा वास बिस काही येत नव्हता. इंद्रभाननं उघडलेलं तोंड मिटलं.

"उद्या मी येतो संगं," तो म्हणाला.

३

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर निघाले. बुलढाण्याला औषधं आणायची होती, म्हणजे राजूरचा घाट चढायचा. शालिग्राम चाकावर, इंद्रभान त्याच्या शेजारी, सिंधूताई मागच्या बाकावर. जीपच्या मागच्या उघड्या तोंडाला तिनं दवाखान्याची पांढरी चादर लावली होती. चारी कोपरे सुतळीनं आवळून बांधलेले.

"हे कायले?" इंद्रभाननं विचारलं.

"फुफाटा येते," ती म्हणाली.

मोताळा मागं पडलं. काटा वीसवर आला. शालिग्रामनं दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घातली. जेवायला बसावं तसा बसला.

इंद्रभान खाली वाकून पाहत राहिला. गॅसचं पॅडल वर होतं. कोणी दाबत नव्हतं, आपोआपही दबत नव्हतं. इंजन नुसतं उभ्या गाडीसारखं गुरगुरत होतं, आणि गाडी वीसनं चालली होती. त्यानं मनाशी म्हटलं, उतार असेल. डोळ्याला दिसत नाही असा बारीक उतार असतो कधीकधी. मग घाट सुरू झाला.

इतकी वर्षं त्या घाटात त्यानं गाड्यांचं कण्हणं ऐकलं होतं. चढावर इंजन कण्हतं, रडतं, गिअर मागतं. हे इंजन रडलं नाही. सागाची झाडं एका संथ चालीनं मागं जात राहिली, वळणं आली, चढ उभा झाला, आणि ते टॉप गिअरमध्ये तसंच गुरगुरत राहिलं. इंद्रभाननं हात पुढं केला आणि किल्ली बंद केली. गिअरचा दांडा ओढून मोकळा केला.

इंजन गप्प झालं. काटा वीसवर.

त्या शांततेत चाकांची खरखर ऐकू येत होती. आणि तिच्या खाली आणखी एक आवाज होता. थप थप थप थप. मागून. ओल्या मातीवर हात मारावा तसा, एकसारखा, न थकणारा. इंद्रभानची अक्कल लगेच धावून आली. मडगार्डचं रबर सुटलं आहे. चाकावर आपटतं आहे. त्याला इतकं हायसं वाटलं की तो हसला, आणि सिंधूला सांगायला मागं वळला.

सिंधूताई चादरीजवळ बसली नव्हती. बाकाच्या या टोकाला सरकून, दोन्ही मुठी मांडीवर आवळून ती इंद्रभानकडं पाहत होती आणि मान हलवत होती. नको. नको.

घाट संपला, वस्ती दिसली. शालिग्रामनं पाय खाली घेऊन ब्रेकला नुसता स्पर्श केला, आणि जीप गरीब गाईसारखी उभी राहिली. इंद्रभान उतरला. मागं गेला. मागं काही नव्हतं. रिकामी सडक, ऊन. त्यानं खिशातली सुरी काढून मडगार्डची दोन्ही रबरं मुळापासून कापून टाकली आणि सडकेच्या कडेला भिरकावली.

परत येताना त्यानं पुन्हा किल्ली बंद केली. थप थप थप थप.

४

त्या रात्री जेवण झालं नाही. दोघांचंही.

सिंधूताई चुलीपुढं बसली होती. इंद्रभानच्या ध्यानात आलं की चूल जिथं होती तिथून तिनं सरकवली आहे. आता ती भिंतीला पाठ लावून स्वयंपाक करत होती. पाठ अशी घट्ट लावलेली की भाकरी थापताना नुसते हात हलत होते. आणि मग त्याला आठवलं, बरेच दिवस झाले, ती झोपतेही तशीच, भिंतीला पाठ देऊन. विहिरीवरून येते तर तिला धाप लागलेली असते. हे सगळं त्यानं पाहिलं होतं, आणि पाहून सोडून दिलं होतं. माणसाचं लक्ष गाडीत असलं की असंच होतं.

"सिंधू, काय पाह्यलंस तू मागं?"

"काही नाही."

"माही शपथ घे."

तिनं शपथ घेतली नाही. तवा उतरवून ठेवला. "मी नीट पाह्यलं नाही. अन् पाहनार बी नाही. तुम्ही आता त्या गाडीतून काही काढू नका. चालून राह्यली ना? चालू द्या. मले नेते, मले आनते. माह्या कामाच्या गावात उभी राह्यते. आनखी काय पाह्यजे?"

"अवं, घाटात कधी उभी नाही राह्यली तर?"

"राह्यते."

"तू जाऊ नको उद्यापासून. मी किसनरावले सांगतो."

"अन् बाया अडल्या तर? त्याईले कोन पाहीन, तुम्ही का पाने-पेंचीस घेऊन जाता?" ती हसायला गेली, पण हसणं काही जमलं नाही.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. मग जे पोटात होतं तेच बाहेर आलं. "मले कोन हाये सिंधू तुह्याशिवाय? तुले काही झालं तर मी या चार भिंतीत काय करू? डोकं फोडून घेऊ?"

तिनं त्याचा काळा, तेलकट हात हातात घेतला. पाठ मात्र भिंतीपासून हलवली नाही.

५

शालिग्रामनं काम सोडलं. सोनाळ्याला सासुरवाडी होती, तिकडं निघाला. एस.टी.च्या थांब्यावर इंद्रभाननं त्याला गाठलं.

"भेकडा, बाईले एकटं टाकून पळतं का बे?"

शालिग्रामनं मान वर केली नाही. गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. "एक सांगतो मिस्त्री. उघड्या सडकीवर ब्रेक जास्त वेळ दाबून नका धरू. उतरू द्या, पन पूर्न थांबवू नका. मी एक डाव थांबवून पाह्यलं. पुन्हा नाही थांबवलं."

"काऊन? काय झालं?"

"नका थांबवू म्हनलं ना." आणि तो एस.टी.त चढला.

आता दुसरा कोणी असता तर या बोलण्यावर रात्रभर जागला असता. पण इंद्रभान पडला मिस्त्री. त्याच्या कानानं ऐकलं ते असं की ब्रेक दाबून धरला की चाकातले ड्रम तापतात, आतलं लायनिंगचं अस्तर जळतं, ब्रेक धरत नाही. म्हणजे या जीपचे ब्रेक कमजोर आहेत. म्हणजे इलाज ब्रेकमध्ये आहे! इतके दिवस तो गाडी चालवतं कोण ते शोधत बसला होता. अरे, चालवेना का कोणी! थांबवता आली म्हणजे झालं. एकदा पुरती थांबवली, ताप उतरावा तशी थंड केली, की रोग गेला. त्याला इतका आनंद झाला की बाजारातून तो जवळजवळ पळतच गॅरेजात आला.

चारी चाकं उतरवली. नवं जाड लायनिंग ठोकलं, तेल बदललं, नळ्या बदलल्या. हात ब्रेकची तार नवी घातली. काम संपलं तेव्हा जीपला नुसत्या अंगठ्यानं थांबवता येत होतं. गावभर फिरवून पाहिली. सोडली की पळायची, धरली की जागच्या जागी.

"आता पाहू," तो तिच्या टपावर थाप मारून म्हणाला.

६

देऊळघाटहून माणूस आला. कौशल्याबाई नावाची पहिलटकरीण कालपासून अडलेली. किसनरावांनी इकडंतिकडं पाहिलं, ड्रायव्हर कोणी मिळेना. इंद्रभान म्हणाला, "मी नेतो."

सिंधूताईनं पेटी घेतली आणि मागं बसली.

"पुढं ये ना."

"मागंच बरी मी. चादर कोनी तरी धरली पाह्यजे."

घाट चढून बुलढाणा गेलं. पुढं पठार लागलं. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली काळी रानं, सडकेला निंबाची झाडं, आणि माणूसकाणूस कोणी नाही. इथंच, इंद्रभाननं ठरवलं. इथं उतार नाही, चढ नाही, वळण नाही. किल्ली बंद केली. गिअर मोकळा केला. काटा वीसवर, आणि मागून तेच, थप थप थप थप.

"सिंधू, घट्ट धर."

"काय करता? अवो, नका! नका दाबू!"

त्यानं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. हात ब्रेक कोपरापर्यंत ओढला. चारी चाकं कचकन गच्च झाली. नव्या लायनिंगनं पकड घेतली ती घेतलीच. काटा वीसवरून खाली पडला आणि शून्यावर जाऊन टेकला. इंद्रभानच्या तोंडून आनंदाची आरोळी निघाली.

मग त्यानं बाहेर पाहिलं. निंबाचं झाड मागं गेलं. मग दुसरं.

त्यानं पुन्हा काट्याकडं पाहिलं. शून्य. इंजन बंद. चाकं गच्च. आणि झाडं त्याच चालीनं मागं जात होती. खालून टायर घासल्याचा आवाज येत होता, जळक्या रबराचा वास नाकात भरत होता. गच्च चाकांवर, खडीवरून, ही एवढी लोखंडाची जीप कोणीतरी वीस मैलांच्या वेगानं पुढं सरकवत होतं. इंद्रभानची अक्कल या वेळी धावून आली नाही. तिच्याजवळ सांगायला काही उरलंच नव्हतं.

"सोडा," सिंधूताई मागून म्हणाली. ओरडली नाही. दमलेल्या पोराला समजवावं तसं म्हणाली. "पाय काढा. तुम्ही त्याले चिडवून राह्यले."

त्यानं पाय काढला, हात ब्रेक सोडला. चाकं फिरू लागली. काटा उठला आणि वीसवर आला. तिथं थांबला नाही. बावीस. पंचवीस. तीस. थपथप आता इतकी जलद झाली होती की वेगवेगळी ऐकू येत नव्हती.

७

देऊळघाटचा शिवार दिसू लागला. गावाबाहेरची खळी, कडब्याच्या गंज्या, पलीकडं घरांची माळवदं. गाव आलं की थांबते, नेहमी थांबते. इंद्रभाननं ब्रेकवर पाय टेकवला, आधी हळू, मग सगळं बळ लावून. काही झालं नाही. आज गाव आलं तरी ती थांबणार नव्हती.

पुढं सडक वळून गावाच्या नाल्यात उतरत होती, अरुंद पुलावर. या वेगानं पूल मिळणार नव्हता.

"सिंधू, पुढं ये! या बाजूनं ये!"

ती पुढं सरकली. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांत भीतीपेक्षा काही तरी वेगळंच होतं, जणू तिला हे सगळं आधीपासून माहीत होतं.

"ते खळं दिसते? कडब्यावर उडी मार. मी मांगून येतो."

"नाही." तिनं त्याचा दंड धरला. "मले इथंच राहू द्या. ऐका माहं. मी उतरली तर..."

"अवं मरशील ना!"

"ऐका तर! गाडीत हाओ तवर गाडीच..."

पण ऐकायला वेळ कुणाजवळ होता? गंजी आली. इंद्रभाननं एका हातानं चाक धरलं, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि जिवाच्या आकांतानं, आपल्या सगळ्या प्रेमानं, तिला ढकललं.

ती कडब्यात पडली. त्यानं मान वळवून पाहिलं. उठून बसत होती. हात हलत होते, पाय हलत होते. "वाचली!" तो रडत ओरडला. "वाचली माही सिंधू!"

आणि जीप हळू झाली.

काटा पंधरावर आला, दहावर आला. पुलाच्या कितीतरी आधी, चारचौघींसारखी, ब्रेक लागताच ती कुरकुरत उभी राहिली. इंद्रभाननं सहज सवयीनं किल्ली फिरवली. इंजन लागलं. गॅस दिला, वाढलं. सोडला, उतरलं. कुठंही रोग नाही. अगदी गॅरेजमध्ये असायची तशी, नळगंगेवर होती तशी, सरकीची पोती भरून मलकापूर फाट्याला नेली तेव्हा होती तशी.

त्यानं तार काढून पाहिली होती. स्प्रिंग काढून पाहिली होती. गव्हर्नर काढून पाहिला, रबरं कापून पाहिली, इंजन बंद करून पाहिलं. आणि जितक्या वेळा गाडी शहाण्यासारखी चालली, तितक्या वेळा सिंधू तिच्यात नव्हती. इतकं साधं होतं. चोर आज सापडला होता, आणि तो त्यानं आपल्या हातानं बाहेर काढून उघड्या सडकेवर ठेवला होता.

तो जीपमधून उडी मारून मागं धावला.

८

सिंधूताई सडकेवर आली होती. त्याच्याकडंच येत होती. चालत होती आधी. साडीला कडबा चिकटलेला, केस सुटलेले. इंद्रभाननं दोन्ही हात पसरले.

मग ती जरा जलद चालू लागली. मग आणखी जलद. तिचं तोंड उघडं होतं, आणि हात पुढं नव्हते, मागं होते, काही तरी झटकून टाकावं तसे. टाचा ती सडकेत रोवू पाहत होती. टाच रोवली की माती उडायची आणि टाच सुटायची. बाई पळत नव्हती हो. बाई थांबायला पाहत होती. आणि तिच्या दोन पावलांच्या आवाजात आणखी पावलं मिसळली होती, थप थप थप थप, आणि ती तिच्याइतकी धडपडत नव्हती.

"बाजूले व्हा!" ती किंचाळली. "बाजूले व्हा हो, तुम्हाले लागन!"

तो बाजूला झाला नाही. कसा होणार? सडकेच्या मधोमध पाय रोवून, छातीचा कोट करून उभा राहिला. ती येऊन त्याच्यावर आदळली. त्याच्या बरगड्यांतला वारा निघून गेला, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण त्यानं तिला मिठीत धरलं. दोन्ही हात तिच्या पाठीमागं नेले आणि पंजे घट्ट आवळले.

पंजे तिच्या पाठीवर टेकलेच नाहीत. मधे दुसरे हात होते.

थंड. ओले. तिच्या पाठीवर सपाट टेकलेले दोन तळवे, बोटं पसरलेली. त्याच्या बोटांखाली त्यांची बोटं एकेक करून लागली, सांधे लागले, नखं लागली. त्यांच्यात राग नव्हता, घाई नव्हती. नुसता जोर होता, एकसारखा. त्याला तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहता आलं असतं. मान थोडी उचलायची होती, एवढंच. त्यानं तोंड तिच्या केसांत खुपसलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"लागले ना हाताले?" सिंधूताई त्याच्या कानाशी म्हणाली. ती रडत होती. "आता काय काढून पाहता हो? सांगा ना. आता काय काढता?"

त्यानं तिला आणखी आवळून धरलं. गावातून कोणीतरी हाका मारत येत होतं. पुलाखालच्या नाल्याचं पाणी ऐकू येत होतं, जवळ जवळ येत. आणि इंद्रभानच्या टाचा मातीत दोन रेघा ओढत मागं सरकत चालल्या.